कोंड्याचा मांडा

मराठीत कोंडा दोन ठिकाणी सापडतो, पिठाच्या चाळणीत आणि डोक्यात. चाळणीतल्या कोंड्याला मान आहे. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, असं आपण म्हणतो. कोंड्याचा मांडा करणाऱ्या बाईचं कौतुक करतो. हल्ली तर तोच कोंडा ‘फायबर’ म्हणून पाकिटात घालून महाग विकतात. डोक्यातल्या कोंड्याला मात्र कुणी वाली नाही. काळ्या कुर्त्यावर पडला की समोरच्याची नजर क्षणभर खांद्यावर जाते आणि परत येते. बोलत कुणी नाही. बोललंच तर सल्ला देतं.

माझ्याकडे दहा-बारा वर्षांत बरेच सल्ले साठलेत. लिंबू चोळ. आंबट दही लाव. मेथ्या भिजवून वाटून लाव. कडुनिंबाच्या पाण्यानं धू. शॅम्पू सोड, शिकेकाई घे. नोकरीसाठी हिंजवडीत आले तेव्हा त्यात ‘टँकरचं पाणी ना तुमच्या सोसायटीत, मग होणारच’ याची भर पडली. सल्ला कुठलाही असो, त्याच्या तळाशी एकच गोष्ट असते: तू नीट निगा राखत नाहीस. मुलगी असाल तर हे जास्तच लागतं. आपल्याकडे मुलीचे केस म्हणजे तिच्या वळणाचं प्रमाणपत्र. आमच्याकडे स्थळ बघायला येणार असलं की मावशी आधी माझे खांदे झटकते, मग नमस्कार करायला पाठवते.

म्हणून ही पुढची माहिती मला औषधाइतकीच उपयोगी पडली.

कोंड्यामागे मॅलसेझिया नावाची यीस्ट असते. 1874 मध्ये लुई-शार्ल मालासे या फ्रेंच संशोधकानं ती कोंड्याच्या खपल्यांत पाहिली, पुढे तिला त्याचंच नाव मिळालं. ही यीस्ट जवळपास प्रत्येक मोठ्या माणसाच्या डोक्यावर राहते. तुमच्या, माझ्या, मावशीच्याही. 2007 मध्ये तिच्या एका जातीचा जीनोम वाचला गेला, तेव्हा कळलं की स्वतःसाठी फॅटी अ‍ॅसिड तयार करायची यंत्रणाच तिच्याकडे नाही. ती बाहेरून मिळवावी लागतात, आणि आपल्या टाळूवर पाझरणारं तेल तिला आयतं मिळतं. वयात येताना तेलग्रंथी जाग्या होतात. कोंडा बहुतेकांना तेव्हाच सुरू होतो, तो यामुळेच.

तेल खाऊन झाल्यावर ती जे मागे टाकते, त्यात ओलिक अ‍ॅसिड असतं. काहींच्या त्वचेला त्याचं काही वाटत नाही. काहींची त्वचा चिडते. एरवी त्वचेच्या पेशी खालून वर येऊन गळायला साधारण महिना घेतात, त्या घाईनं वर येतात आणि एकेकट्या न गळता पुंजक्यानं सुटतात. तोच कोंडा. म्हणजे फरक स्वच्छ आणि अस्वच्छ माणसांत नाही, चिडणाऱ्या आणि न चिडणाऱ्या टाळूंत आहे. लिंबानं जळजळ का होते तेही यातून कळतं. आधीच चिडलेल्या जागी आपण आम्ल चोळत असतो.

स्किनच्या डॉक्टरांनी मला दोन टक्के किटोकोनाझोलचा शॅम्पू लिहून दिला. आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. केसांना नव्हे, टाळूला लावायचा, तीन ते पाच मिनिटं ठेवायचा, मग धुवायचा. औषधाला काम करायला तेवढा वेळ लागतो. बाटलीवर हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि थंडीच्या सकाळी कुणाला तेवढा धीर नसतो. झिंक पायरिथिऑन, सेलेनियम सल्फाइड असे इतरही पर्याय आहेत, एकानं भागलं नाही तर डॉक्टर दुसरा देतात. भुवयांत किंवा नाकाच्या कडांना लाली आणि तेलकट खपल्या असतील, जाड चंदेरी पापुद्रे येत असतील किंवा केस जागोजागी तुटून चकत्या पडत असतील, तर मात्र घरी प्रयोग न करता दाखवावं. प्रत्येक पांढरी खपली कोंड्याचीच असते असं नाही.

“पण कायमचा जाईल ना?” मी विचारलं.

“आटोक्यात राहील,” डॉक्टर म्हणाल्या. “महिन्यानंतर आठवड्यातून किंवा पंधरा दिवसांतून एकदा लावत राहा.”

आमच्या कामात दोन प्रकार असतात. एक बग. तो सापडतो, दुरुस्त होतो, तिकीट बंद होतं. दुसरा प्रकार सर्व्हरच्या सर्टिफिकेटचा. त्याची मुदत संपते. कुणी काही चुकलेलं नसतं, तरी ठरावीक काळानं ते पुन्हा घ्यावंच लागतं, आणि त्याबद्दल कुणी कुणाला नावं ठेवत नाही. कोंडा या दुसऱ्या प्रकारात मोडतो हे समजलं आणि डोक्यावरचं ओझं उतरलं. मी कॅलेंडरमध्ये दर रविवारचं रिमाइंडर लावलं.

अवघड गोष्ट पुढेच होती. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं: टाळूला रात्रभर तेल लावून ठेवू नका. त्या यीस्टला जेवण वाढल्यासारखं होतं.

हे आईला कसं सांगायचं? कराडहून निघताना माझ्या बॅगेत तिच्या तेलाची बाटली असतेच. खोबरेलात माका, जास्वंद, कढीपत्ता घालून कढवलेलं, झाकणाला प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर लावलेलं. आमच्या घरात मिठी मारायची पद्धत नाही. आई मला जवळ घेते ते तेल लावताना. ती खुर्चीत, मी खाली पाटावर, माझी पाठ तिच्याकडे. समोरासमोर जे विचारता येत नाही ते तिनं कायम तिथेच विचारलंय. नोकरी झेपतेय का. त्या मुलाचं पुढे काय झालं. तू रडलीस का.

मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “माझ्या आईनं लावलं, तिच्या आईनं लावलं. कुणाला काय झालं गं?” वाद घालण्यासारखं माझ्याकडे खूप होतं, पण तिचा प्रश्न यीस्टचा नव्हताच. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “मग मी काय लावू?”

‘शॅम्पू’ हा शब्द मूळचा आपल्याकडचा. हिंदीतल्या ‘चाँपना’वरून, म्हणजे दाबणं, चोळणं. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या ब्रायटनला स्नानगृह काढलं, तिथे ‘शॅम्पू’ म्हणजे मालिश होतं. फेसाची बाटली हा अर्थ त्याला नंतर चिकटला. म्हणजे आधी हात आले, मग बाटली.

आता कराडला गेले की रविवारी मोरीत पाट मांडतो. आई पदर खोचते, औषधाचा शॅम्पू बोटांवर घेते आणि टाळूवर चोळते. मोबाइलवर पाच मिनिटांचा टायमर लावलेला असतो. तेलाला अर्धा तास मिळायचा, आता पाच मिनिटांत दोनच प्रश्न मावतात, त्यामुळे ती थेट विचारते. टायमर वाजला तरी कधी कधी आम्ही दोघी तो ऐकत नाही.

तेलाची बाटली अजून बॅगेत येते. टाळू सोडून केसांच्या टोकांना लावायला पुरते. कोंडा थंडीत किंवा रिलीजच्या आठवड्यात पुन्हा डोकं वर काढतोच. मावशी खांदे झटकते. मी तिला सांगते, मावशी, तुझ्याही डोक्यावर आहे तो किडा, फक्त तुझी त्वचा शांत स्वभावाची आहे.