एका ‘होते’ची गोष्ट

ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही कॅनडात आलो, त्याला आता सहा वर्षं झाली. अल्बर्टा प्रांतातल्या लेथब्रिज गावात घर सांभाळून मी आठवड्यातले तीन दिवस बालवर्गाला शिकवते.

इथून गाडीनं दीडेक तासावर मिल्क नदीकाठी ‘रायटिंग-ऑन-स्टोन’ हे उद्यान आहे. तिथल्या वालुकाश्माच्या कड्यांवर ब्लॅकफूट लोकांनी कोरलेली आणि गेरूनं रंगवलेली चित्रं आहेत. माणसं, घोडे, ढालवाले योद्धे. एका कड्यावर तर अख्खी लढाई! २०१९ साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा ठरवलं.

सहलीच्या आदल्या दिवशी मी मुलांना ऐटीत सांगत होते, “फार वर्षांपूर्वी इथं ब्लॅकफूट लोक राहत होते...”

कोपऱ्यातली चिमुरडी उठली. “टीचर, माझी आजी ब्लॅकफूट आहे. आम्ही अजून जातो तिथं.”

मी चपापलेच. बी.ए.ला इतिहास घेतलेली मी! ब्लॅकफूटांपैकी काइनाई लोकांची वस्ती आमच्या गावाला अगदी लागून, बाजारात रोज भेट; आणि मी एका ‘होते’नं त्यांना पुसून टाकलं होतं.

संध्याकाळी त्या आजींना फोन केला, चूक कबूल केली आणि सहलीला येण्याची विनंती केली. त्या आल्या. त्यांच्या भाषेत त्या जागेचं नाव ‘आइसिनाइपी’, म्हणजे ‘इथं चितारलेलं आहे’. त्या खडकांत आत्म्यांचा वास आहे अशी त्यांची श्रद्धा. म्हणून आजही लोक तिथं प्रार्थनेला येतात, काहीबाही अर्पण करतात.

एका मुलानं कड्याकडे हात नेला. मी ओरडणार, तोच आजी हळूच म्हणाल्या, “कुणाच्या घरी गेल्यावर भिंतीला हात लावतोस का रे?” त्यानं हात खिशात घातला. तो दगड इतका मऊ, की नावं कोरणाऱ्या पाहुण्यांनी कितीतरी चित्रं कायमची बिघडवली आहेत.

घरी आल्यावर आमचा धाकटा गेरू मागू लागला. मी कागद-खडू दिले. म्हटलं, “त्यांची चित्रं उतरवायची नाहीत हं. तुझा आजचा दिवस काढ.” त्यानं कड्यापेक्षा मोठ्या आजी काढल्या!

मैत्रिणींनो, मुलांना दुसऱ्या लोकांविषयी सांगताना ‘होते’ म्हणण्याआधी जरा शेजारी डोकावून बघा. ते तिथंच असतात.