एसडीए, मूळचे कुठले?

आपल्याकडे नवा माणूस भेटला की आधी आडनाव, मग "मूळचे कुठले?" आडनावात 'कर' असलं की निम्मं काम तिथेच होतं. लिनक्समध्ये डिस्कचंही पूर्वी असंच होतं. एचडीए म्हणजे आयडीईची, रुंद पट्टीच्या केबलवाली. एसडीए म्हणजे स्कझी. पुढे साटा आणि यूएसबीवाल्याही 'एसडी' लावू लागल्या. २००७ च्या फेडोरा ७ मध्ये तर जुन्या आयडीई डिस्कनीही आडनाव बदललं, आणि २०२१ साली ५.१४ कर्नेलमधून जुना आयडीई ड्रायव्हरच गेला. अख्खी आळी एका आडनावाची! एनव्हीएमईने तेवढं आपलं नाव वेगळं राखलंय.

हे सगळं उकरायचं कारण मावशीचा लॅपटॉप. काकांचे शेवटच्या दोन वर्षांतले सगळे फोटो त्यात, दुसरीकडे एकही प्रत नाही. आणि लॅपटॉप पाच-सात मिनिटांत तापून बंद पडतो, त्यामुळे आहे तिथून कॉपी करणं अशक्य. डिस्क काढून बाहेरच्या यूएसबी केसमध्ये घालायची असं ठरलं. आत एम.२ची पट्टी आहे एवढं माहीत होतं. दुकानदार म्हणाला, "एम.२ ना? ही घेऊन जा, सगळं चालतं." केसवर मात्र फक्त एनव्हीएमई लिहिलेलं. एम.२ हा नुसता आकार हो! त्यात साटाही असते, एनव्हीएमईही. खाचा मोजून अंदाज बांधता येतो, पण दोन खाचांच्या एनव्हीएमई पट्ट्याही निघाल्या आहेत, तेव्हा त्याचा भरवसा नाही.

मग पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं. टर्मिनलमध्ये एलएसबीएलके, पुढे वजा ओ, आणि मधे स्वल्पविराम देऊन नेम, ट्रॅन, मॉडेल हे रकाने. ट्रॅन म्हणजे ट्रान्सपोर्ट, अर्थात मूळ गाव. उत्तर आलं: एसडीए, साटा. एसडीबी, यूएसबी (तो आमचाच पेनड्राइव्ह). तीन मिनिटंही लागली नाहीत. दुकानातली केस घेतली असती तर पट्टी आत व्यवस्थित बसली असती आणि दिसलीच नसती. मग मावशीला काय वाटलं असतं, सांगायला नको.

हे डिस्क आत असतानाच विचारून घ्यावं. एकदा केसमध्ये गेली की ट्रॅनमध्ये नुसतं यूएसबी येतं, भाड्याच्या घराचा पत्ता सांगावा तसं. तेव्हा स्मार्टसीटीएल वजा आय बहुतेक वेळा खरं सांगतं.

साटावाली केस काल आली. ४३ जीबी फोटो. मावशी शेजारी खुर्ची घेऊन बसली होती, हिरवी पट्टी सरकताना बघत.