प्रतवारी कशाची?

हॉटेलांसाठी वाईनच्या याद्या लावणं आणि ती वाढणाऱ्या मुलामुलींना लेबल वाचायला शिकवणं, हे माझं काम. या कामात सगळ्यात जास्त घोटाळा करतात ते ‘ग्रां क्रू’ हे दोन शब्द. बरगंडीत ते जमिनीच्या एका ठरावीक तुकड्याला लागतात. शांपेनमध्ये अख्ख्या गावाला लागतात, आणि अशी गावं १७ आहेत. अल्सासमध्ये पुन्हा बागेला, तिथे ५१. आणि बोर्दोजवळच्या सँतेमिलियोंमध्ये उतारा जरा कमी घेतला, वाईन जरा जास्त मुरवली आणि बाकीच्या अटी पाळल्या की ‘सँतेमिलियों ग्रां क्रू’ एवढं नाव लावायची मुभा मिळते. त्याच गावातला ‘ग्रां क्रू क्लासे’ मात्र खरोखरचा वरचा वर्ग. गिऱ्हाईक बिचारं समजतं की ग्रां क्रू म्हणजे पहिला नंबर, बाटली कुठलीही असो. युरोपातल्या वाईनची एकच शिडी आहे आणि आपण फक्त तिच्या पायऱ्या पाठ करायच्या, या समजुतीनं जेवढं नुकसान केलं आहे तेवढं अवघड फ्रेंच उच्चारांनीही केलं नसेल. माझं म्हणणं असं की तिथली प्रत्येक प्रतवारी कुठल्या ना कुठल्या व्यवहारातून निघाली: भाव ठरवायचा होता, भेसळ थांबवायची होती, कर बसवायचा होता. ज्याला त्याची गरज होती त्यानं हाताशी असलेलं माप वापरलं. म्हणून लेबल हातात घेतल्यावर दर्जा किती वरचा आहे याच्या आधी विचारायचं ते हे, की दर्जा दिलाय कशाला?

बोर्दोची १८५५ सालची यादी घ्या. तिसऱ्या नेपोलियनच्या कारकिर्दीत पॅरिसला मोठं प्रदर्शन भरलं, त्यात बोर्दोच्या वाईन मांडायच्या होत्या. तिथल्या व्यापारी मंडळानं दलालांच्या संघटनेकडे यादी मागितली आणि दलालांनी दोन आठवड्यांच्या आत, १८ एप्रिलला, ती पाठवूनही दिली. त्यासाठी कुणी बाटल्या उघडून चव घेत बसलं नाही. कुणाची वाईन कुठल्या भावानं जाते हे दलालांच्या वह्यांत कित्येक वर्षांचं नोंदवलेलं होतंच. ते भाव त्यांनी उतरत्या क्रमानं लावले आणि लाल वाईनचे पाच वर्ग पाडले. पहिल्या वर्गात चार नावं: लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ. (मराठी वाचकाला ‘लातूर’ वाचून हसू येतं. येऊ द्यावं, नाव लक्षात राहतं.) एकटी ओ-ब्रियाँ सोडली तर यादीतल्या सगळ्या लाल वाईन मेदोक भागातल्या. जिराँदच्या खाडीपलीकडचा, लिबूर्नच्या बाजूचा व्यापार या दलालांच्या हातात नव्हता, म्हणून पोमेरोल आणि सँतेमिलियों यादीतून सरळ गळले. पोमेरोलला तर आजही कसली प्रतवारी नाही, आणि तरी तिथली पेत्र्युस बोर्दोतल्या सगळ्यात महाग वाईनपैकी एक आहे. म्हणजे या यादीनं दर्जा दिला तो ‘शातो’ला, थोडक्यात पेढीला. त्या पेढीनं उद्या त्याच अपेलासियोंच्या, म्हणजे कायद्यानं आखलेल्या नावाच्या, हद्दीत शेजाऱ्याची जमीन घेतली तर त्या जमिनीची द्राक्षंही वरच्या वर्गाच्या बाटलीत जाऊ शकतात. आणि वरच्या वर्गातल्या शातोनं विकलेला तुकडा नव्या मालकाकडे बिनदर्जाचा होऊन जातो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो चांगला आहे. यादी नुसती भावांची होती तर ती पावणेदोनशे वर्षं टिकली कशी? मोठा बदल झाला तो एकदाच, १९७३मध्ये, कृषिमंत्री जाक शिराक यांच्या सहीनं मुताँ रॉथशिल्ड दुसऱ्या वर्गातून पहिल्यात गेली तेव्हा. आणि आजही बाजारात पहिल्या वर्गाचे भाव पहिल्या वर्गाचेच आहेत. मग दलालांना काहीतरी खरं कळलं असणारच. कळलं होतंच. भाव हवेतून येत नाही. मेदोकच्या चांगल्या बागा खाडीलगतच्या वाळू-गोट्यांच्या उंचवट्यांवर आहेत. त्या समुद्री, दमट हवेत पाण्याचा निचरा होणारी जमीन म्हणजे पीक पिकण्याची हमी, आणि गिऱ्हाइकांनी पिढ्यान्‌पिढ्या जास्त पैसे मोजले ते याच वाईनना. पण टिकण्याचं दुसरं कारण यादीतच आहे. ज्याला वरचा वर्ग मिळाला त्याला वरचा भाव मिळतो. त्या पैशातून तो दरवर्षी नवी ओकची पिंपं घेतो, घड निवडायला माणसं लावतो, जो माल थोडाही कमी वाटेल तो दुसऱ्या नावाच्या स्वस्त बाटलीत घालतो. दर्जानं भाव आणि भावानं दर्जा, असं हे एकमेकांना धरून चालतं. पाचव्या वर्गातली लँश-बाज आज वरच्या वर्गांतल्या अनेकांपेक्षा महाग विकली जाते, कारण पेढी सुधारते आणि ढासळतेही, यादी मात्र जागची हलत नाही. जिथे यादी हलवायचं ठरवलं तिथे काय होतं ते सँतेमिलियोंनं दाखवलं. तिथली प्रतवारी १९५५ची, साधारण दहा वर्षांनी फेरतपासणीची. २००६ची यादी थेट कोर्टात गेली. २०२२च्या यादीआधी शवाल ब्लाँ, ओझोन आणि मग आंजेल्युस या सर्वांत वरच्या तिघांनी अंग काढून घेतलं. न हलणारी यादी शिळी होते, हलणारी भांडणं लावते. दोन्हींत मला पहिली परवडते. निदान तिचं शिळेपण ठाऊक असतं.

बरगंडीत उलट. तिथे दर्जा सातबाऱ्यावर असतो असं म्हणा ना. मालक बदलला तरी गटाचा दर्जा बदलत नाही. कोत दॉरच्या उतारावर जमिनीच्या हजारभर तुकड्यांना आपापली नावं आणि हद्दी आहेत. ‘क्लिमा’ म्हणतात त्यांना. २०१५मध्ये युनेस्कोनं ते जागतिक वारशात घेतले. सगळ्यात खाली नुसतं बरगंडी, मग गावाचं नाव, मग प्रमिए क्रू, आणि शेंड्यावर ग्रां क्रू. वरवर पाहता ही पद्धत अगदी निर्दोष: जमीन खोटं बोलत नाही. पण बोलते कोण, ते बघायला क्लो द वूजोच्या भिंतीपाशी उभं राहावं. सितोच्या सिस्टर्शियन साधूंनी जोपासलेला हा साधारण ५० हेक्टरचा मळा. त्यांनीच त्याला दगडी भिंत घातली. फ्रेंच राज्यक्रांतीत तो जप्त झाला, विकला गेला, आणि १८८९मध्ये त्याचे तुकडे पडले. पुढे वाटण्या होत होत आज त्यात ८०च्या आसपास मालक आहेत. वरच्या टोकाला जुन्या शातोजवळ माती पातळ, खाली चुनखडीचा खडक, आणि भिंतीपलीकडे म्युझिनीसारखे शेजारी. उतार संपता संपता माती जाड आणि चिकण होत जाते, पावसाचं पाणी मुरत नाही, साचतं. आणि खालच्या टोकाला भिंत थेट मोठ्या रस्त्याला लागते. त्याच उंचीवर, भिंतीबाहेरची जमीन बहुतेक गावाच्याच दर्जाची आहे. भिंतीच्या आत मात्र वरपासून खालपर्यंत सगळं ग्रां क्रू. साधूंच्या काळी सगळा मळा एका मालकाचा होता, वरच्या आणि खालच्या द्राक्षांचं मिश्रण त्यांच्या हातात होतं. तेव्हा एका भिंतीचं एक नाव याला अर्थ होता. आज खालच्या चार ओळींचा मालकही तेच नाव लावतो, तेही कायद्यानं. म्हणून बरगंडीत नुसतं बागेचं नाव वाचून पुरत नाही. बाटली भरणारा कोण, त्याच्या वेली त्या बागेत कुठल्या टोकाला आहेत, हे कळल्याशिवाय क्लो द वूजोची मोठी किंमत मोजायला मी कुणाला सांगत नाही. एकट्याच्या मालकीची ग्रां क्रू हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. रोमाने-काँती त्यातली सगळ्यात नावाजलेली, १.८ हेक्टरची.

जर्मनीनं तिसरंच माप घेतलं. १९७१च्या कायद्यानं दर्जा दिला तो घडातल्या साखरेला. नाशिकच्या बागायतदाराला ब्रिक्स म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. जर्मनीत तेच काम ‘एक्सले’ या मापानं करतात. रसाचं एक्सले जितकं जास्त तितकं नाव वरचं: काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे, बेरेनआउसलेझे, आणि शेवटी बेदाण्यासारख्या सुकलेल्या मण्यांची ट्रोकनबेरेनआउसलेझे. मोझेलच्या काठी, द्राक्षांच्या उत्तर सीमेवर, घड पुरते पिकणं हीच मोठी गोष्ट होती. त्यामुळे पिकलेपण म्हणजे दर्जा ही कल्पना मूर्खपणाची नव्हती. चूक दुसरीकडे झाली. त्याच कायद्यानं हजारो छोट्या बागांची नावं पुसून त्यांचे मोठे गट केले, आणि त्या गटांची नावं खऱ्या बागेसारखीच लिहायची मुभा ठेवली. पीझपोर्टर गोल्डट्रोप्शन ही नदीच्या वळणावरच्या पाटीच्या दगडाच्या उभ्या उतारावरली बाग. पीझपोर्टर मिखेल्सबेर्ग हा अनेक गावांतल्या बागांचा गठ्ठा. दोन्ही लेबलं शेजारी ठेवा. ओळखणाऱ्याशिवाय कुणालाही फरक सांगता येणार नाही. गंमत अशी की त्याच मोझेलच्या उतारांचे उत्तम नकाशे एकोणिसाव्या शतकातच तयार होते, प्रशियाच्या कर खात्यानं काढलेले: कुठल्या बागेचं उत्पन्न जास्त, कुठल्या बागेवर कर जास्त. आज चांगले उत्पादक आपल्या संघटनेच्या नियमांनी पुन्हा बागेच्याच दर्जाकडे वळलेत, आणि कायदाही २०२१पासून त्या दिशेला सरकतो आहे. हवा तापल्यामुळे साखरेचं माप तसंही हातचं गेलं. श्पेटलेझेइतकी साखर आता वरचेवर सहज भरते, आणि हलकी, ताजी काबिनेट हवी असेल तर बागायतदाराला उलट जपून, लवकर खुडावं लागतं.

स्पेनमधल्या रिओहाबद्दल फार बोलायला नको. तिथे दर्जा तळघरातल्या वेळेला आहे. क्रियान्सा म्हणजे किमान दोन वर्षं, त्यातलं एक पिंपात; रेसेर्वा तीन; ग्रान रेसेर्वा पाच. जमीन कुठली हे त्या शब्दांत कुठेही नाही, आणि वेळ देऊन वाईट माल चांगला होत नाही. इटलीत तर नियमांनी चांगल्या वाईनला नियमाबाहेर ढकललं. काबर्ने द्राक्षाची सासिकाया बोल्गेरीच्या किनाऱ्यावर होत होती, तिथल्या नियमांत बसत नव्हती, म्हणून लेबलवर ‘साधी जेवणाची वाईन’ लिहून ती मोठ्या भावानं विकली जायची. १९९४मध्ये कायदा तिच्यापर्यंत पोचला. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यात १७५६पासून पुढच्या काही वर्षांत मार्केस द पोंबालनं ग्रॅनाइटचे खांब रोवून हद्द आखली. तिथे पुढे बागांना अ ते फ अशी वर्गवारी मिळाली ती कोण किती पोर्ट करू शकेल हे ठरवण्यासाठी. (गोव्यात ‘पोर्ट वाईन’ म्हणून मिळणाऱ्या गोड लाल बाटलीचा त्या खोऱ्याशी नावापलीकडे संबंध नाही.)

एवढं ऐकून समोरचा वैतागतो आणि म्हणतो, मग हा सगळा पसारा कशाला? द्राक्षाची जात लिहा, उत्पादकाचं नाव लिहा, बाकी जिभेवर सोडा. यातलं निम्मं मला मान्य आहे. उत्पादकाचं नाव हीच लेबलवरची सगळ्यात मोलाची ओळ, हे मी स्वतः शिकवतो. पण जात लिहून फार कळत नाही. शाब्ली आणि मर्सो दोन्ही शार्दोने, दोन्ही बरगंडी. एक थंड भागातली, धारदार, बहुधा बिनपिंपाची. दुसरी भरीव, पिंपात वाढलेली. हा फरक सांगतं ते गावाचं नाव, जात नाही. जिभेचं म्हणाल तर ती बूच उघडल्यावर बोलते, पैसे त्याआधी द्यावे लागतात. आणि अपेलासियोंचा जन्म झाला तो चोखंदळ रसिकांसाठी नव्हेच. फायलोक्सेरा किडीनं बागा मारल्या, बाजारात बनावट आणि बाहेरून आणलेल्या मालाचा सुळसुळाट झाला, १९०७मध्ये लांगदोकचे शेतकरी आणि १९११मध्ये शांपेनचे शेतकरी रस्त्यावर उतरले. शातोनफ द्यु पापच्या बारों ल रुआ यांनी आपल्या गावापुरते नियम बांधले, आणि १९३५च्या कायद्यानं तीच कल्पना देशभर नेली. त्या नियमांनी वाईन उत्तम असल्याचं वचन कधीच दिलं नाही. द्राक्षं या हद्दीतली, या जातींची, एवढ्याच उताऱ्याची आहेत, इतकंच वचन दिलं. ‘नाशिक व्हॅली वाईन’ला मिळालेलं भौगोलिक मानांकनही तेवढंच सांगतं, आणि तेवढं सांगणं कमी नाही.

राहिला प्रश्न जमिनीचा दर्जा तरी कुणाच्या गरजेतून येतो हा. बरगंडीत प्रमिए क्रू हा वर्ग १९४३ साली, जर्मन ताब्याच्या काळात पक्का झाला. नाव असलेल्या वाईनला जप्तीपासून संरक्षण मिळावं हा त्यातला एक हेतू होता असं सांगितलं जातं. दक्षिणेचा माकोने प्रदेश जर्मन ताब्याच्या सीमारेषेपलीकडे होता आणि तिथे एकही प्रमिए क्रू नोंदला गेला नाही. तिथल्या पुयी-फ्विसेच्या बागायतदारांनी माती, उतार, जुने भाव आणि जुने नकाशे यांच्या फायली अनेक वर्षं जमवल्या. अखेर २०२०च्या हंगामापासून त्यांच्या २२ क्लिमांना हा दर्जा मिळाला. चुनखडीचे ते कडे आणि त्यांखालचे उतार त्याआधीही तिथेच होते, आणि त्या बागांची २०१९ सालची बाटली हाती लागली तर ती अजूनही गावाच्याच नावानं मिळते.