बुडीत खात्याच्या वाटेवर

नागपूरच्या इतवारीतून गोसीखुर्दकडे जाणारी वाट उमरेड, भिवापूर आणि पवनी ही तीन गावे ओलांडते. अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. याच दिशेने इतवारीहून नागभीडपर्यंत एक नॅरोगेज गाडी धावत असे. रुळांच्या रुंदीकरणासाठी नोव्हेंबर २०१९मध्ये ती बंद झाली. इतवारीच्या व्यापाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी या गाडीत बसून उधारीच्या वह्या चाळल्या. परंतु गाडी स्थानकापर्यंतच पोहोचवणार. ग्राहक राही आतल्या खेड्यात, नदीच्या काठी. म्हणून १९८०च्या दशकात ज्यांना परवडले त्यांनी मोटारसायकली घेतल्या.

त्यांपैकी धान्य आणि मिरचीचा व्यापार करणारे एक गृहस्थ १९८४पासून नऊ-दहा वर्षे बुलेटवरून या भागात फिरले. भिवापूरच्या मिरचीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिची चव आणि रंग व्यापाऱ्यांना त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता. हंगामात मिरची उचलायची, अधल्यामधल्या काळात घेतलेल्या किराण्याची वसुली करायची, आणि सूर्य मावळण्यापूर्वी जेवण होईल अशा बेताने परतायचे, असा त्यांचा क्रम होता. पुढे दुकानाचा पसारा वाढला, व्हॅन आली, बुलेट विकली गेली. मध्ये एकतीस वर्षे लोटली. गादीवर मुलगा बसू लागला तेव्हा चौसष्ट वर्षांच्या या गृहस्थांनी एके दिवशी जेवताना सांगितले की मोटारसायकल घ्यायची आहे.

घरात शांतता पसरली. विरोध सुनेने केला नाही, मुलाने केला नाही, पत्नीने केला. ‘अहो, पडलात तर हाड जुळायला सहा महिने लागतील, आणि ते सहा महिने माझे असतील,’ असे त्या म्हणाल्या. या वाक्यावर उत्तर नव्हते, कारण ते खरे होते. अखेर तडजोड अटींवर झाली. वैद्यकीय तपासणी, चांगले हेल्मेट, पावसाळ्यात गाडी बंद, आणि सूर्यास्तापूर्वी घरी. यातल्या शेवटच्या दोन अटी जैन घराला नवीन नाहीत. चातुर्मासात साधुसाध्वी विहार थांबवतात, त्याच महिन्यांत ओल्या रस्त्यावरची दुचाकीही सर्वांत धोक्याची असते. पूर्वजांनी घालून दिलेला नियम भलत्याच ठिकाणी उपयोगी पडतो तो असा.

परवान्याची अडचण आली नाही. चारचाकीसाठी त्याचे नूतनीकरण वेळोवेळी झाले होते आणि दुचाकीची नोंद त्यावर कायम होती. ज्यांचा परवाना संपून एक वर्षाहून अधिक काळ लोटला असेल त्यांना आता नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते. पंचावन्न वर्षांनंतर तर नूतनीकरण पाच-पाच वर्षांचेच मिळते. पण खरी गंमत चालू परवान्यात आहे. एकतीस वर्षे मोटारसायकलला हात न लावलेला मनुष्य कागदोपत्री पूर्वीइतकाच तरबेज असतो. कागदावर शिल्लक दिसते आणि तिजोरी उघडली तर रिकामी, असा हा प्रकार. बँकेत याला फार वाईट नाव आहे.

या गृहस्थांच्या बाबतीत तिजोरी रिकामीच नव्हे, उलटी भरलेली निघाली. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असे. नव्या गाडीत गिअर डावीकडे आणि ब्रेक उजवीकडे. जो काहीच शिकलेला नाही त्याला हे सोपे जाते. ज्याच्या पायांनी दहा वर्षे एक गोष्ट घोटली आहे त्याला संथ वेळी सर्व आठवते. पण समोर अचानक गुरे आली की पाय स्वतःच्या जुन्या स्मृतीने चालतो. थांबण्यासाठी डावा पाय दाबावा तर ब्रेक नसून गिअर बदलतो आणि गाडी तशीच पुढे जाते. विस्मृतीपेक्षा ही अर्धवट स्मृती अधिक घातक.

त्यामुळे त्यांनी नवी गाडी सरळ रस्त्यावर काढली नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी धान्यबाजाराच्या मोकळ्या आवारात पाच रविवार ते केवळ थांबण्याचा सराव करीत राहिले. दोन क्विंटलला थोडी कमी असलेली ती गाडी पायावर कशी तोलायची, वळण घेताना नजर कोठे ठेवायची, पुढचा ब्रेक किती दाबायचा, हे सारे पहिल्यापासून. आवारातले हमाल सुरुवातीला हसले. दोन क्विंटलचे पोते कोणी एकट्याने उचलत नाही, हे त्यांना ठाऊक होते. त्यांतल्याच एकाने गाडी स्टँडवर घेताना कंबर वाकवू नका, गुडघे वाकवा, हे दाखवून दिले. मोठ्या गाड्यांना आता चाक अडकू न देणारी एबीएस ही ब्रेकयंत्रणा सक्तीची आहे, १२५ सीसीहून मोठ्या सर्व गाड्यांना १ एप्रिल २०१९पासून. ती असली तरी थांबण्याचे अंतर गाडीच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. चक्रवाढ व्याज समजणाऱ्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

डोळ्यांचा प्रश्न कोणाच्या लक्षात आला नव्हता. जवळचे आणि दूरचे एकत्र दाखवणाऱ्या चष्म्याच्या खालच्या भागातून रस्ता पाहिला की खड्डा नको तेथे दिसतो. नेत्रतज्ज्ञांनी गाडीसाठी केवळ दूरचा, वेगळा चष्मा दिला. साठीनंतर मोटारसायकलकडे परतणाऱ्या प्रत्येकाने हेल्मेटच्याही आधी हा खर्च करावा.

पौष महिन्यातल्या एका सकाळी, चांगले उजाडल्यावर, नवकार मंत्र म्हणून ते निघाले. डब्यात पुऱ्या आणि मेथीचे खाकरे, बाटलीत उकळून गाळलेले पाणी. उमरेडपर्यंतचा रस्ता आता चौपदरी राष्ट्रीय महामार्ग आहे. जुना माणूस अशा रस्त्यावर बुचकळ्यात पडतो. पूर्वी खड्डे वेग आवरत. आता वेग आवरण्याचे काम स्वतःलाच करावे लागते. त्यांनी ताशी पन्नासची मर्यादा ठरवली होती. ईर्यासमितीत मुनी चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकतात. ताशी पन्नासच्या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे चौदा मीटर, म्हणजे तीस हात, पुढे जाते. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंतच एवढी भूमी चाकाखाली निघून गेलेली असते. चार हातांवर नजर ठेवून दुचाकी चालवता येत नाही. ती दूरवर ठेवावी लागते.

उमरेडच्या अलीकडे रस्त्याच्या कडेने विहार करणारा एक संघ दिसला. पुढे साधू, मागे दोन श्रावक, हातात चमकणारी पट्टी लावलेली काठी. समाजात दरवर्षी विहारातल्या अपघातांच्या वार्ता येतात, आणि बहुतेक वेळा त्या पहाटेच्या, महामार्गावरच्या असतात. ज्या वेळी रस्ता मोकळा म्हणून वाहनचालक खूश असतो तीच विहाराचीही वेळ. गृहस्थांनी बऱ्याच अंतरावर गाडी बंद केली, हेल्मेट काढून वंदन केले, आणि संघ पुढे जाईपर्यंत इंजिन सुरू केले नाही. आपल्या तरुण मुलांना गाडीची चावी देताना एवढी एक गोष्ट घराघरांत सांगितली गेली तरी पुष्कळ आहे.

उमरेडच्या पुढे जंगल जवळ येते. उमरेड-कऱ्हांडला-पवनी अभयारण्य २०१२मध्ये घोषित झाले. नागझिऱ्यातून एवढे अंतर पायी कापून आलेला ‘जय’ नावाचा वाघ येथेच प्रसिद्ध झाला आणि एप्रिल २०१६नंतर कोणालाच दिसला नाही. या पट्ट्यात दुचाकीस्वाराने थांबून छायाचित्रे काढण्याचे धाडस करू नये. वेग कमी ठेवावा आणि पुढे जावे.

पवनी हे वैनगंगेकाठचे फार जुने नगर. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली झालेल्या उत्खननात मोठा बौद्ध स्तूप उजेडात आला. तेथल्या शिल्पांतला फणा उभारलेला मुचलिंद नाग पाहताना जैन मनाला पार्श्वनाथांची आठवण होणे स्वाभाविक आहे. गावाच्या उत्तरेला नऊ-दहा किलोमीटरवर गोसीखुर्दचे धरण आहे. त्याची लांबी अकरा किलोमीटरहून अधिक आणि दरवाजे तेहतीस. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते पायाभरणी झाली तेव्हा अंदाजित खर्च ३७२ कोटी होता. २००९मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. सुधारित अंदाज पुढे अठरा हजार कोटींच्याही पलीकडे गेला. अडीच लाख हेक्टर भिजवण्याचे उद्दिष्ट ठेवलेला हा प्रकल्प गृहस्थांच्या डोळ्यांसमोर सुरू झाला होता. पायाभरणीच्या वर्षी ते याच बाजूला वसुलीला होते, आणि धरण होईल यावर काठच्या शेतकऱ्यांप्रमाणे त्यांचाही विश्वास नव्हता.

आता त्यांना आठवणारी वाट जलाशयात शिरते. डांबराचा जुना तुकडा थोडा उतरतो आणि पाण्यात दिसेनासा होतो. पाण्यावर पक्षी होते, पलीकडे धूसर किनारा. हे पाणी दिसायला निर्मळ असले तरी नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तेथून वैनगंगेत येते. म्हणजे इतवारीची घाण इतवारीच्या शेटजींच्या आधीच येथे पोहोचलेली होती.

पुनर्वसित गावठाणातल्या एका दुकानाशी ते थांबले. गल्ल्या सरळ, घरे सारखी, झाडे अजून लहान. त्यांनी जुन्या गावाचे नाव घेऊन वाट विचारली. ‘तो रस्ता आता पान्याखाली हाये जी,’ असे म्हणून दुकानातला पन्नाशीचा मनुष्य त्यांच्याकडे आणि गाडीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘तुमी इतवारीचे बुलेटवाले शेट तर नोहे?’ लहानपणी बुलेटचा आवाज आला की तो आणि त्याचे सोबती पांदणीपर्यंत धावत येत. त्याच्या वडिलांचे खाते या गृहस्थांकडे होते. वडील गेले. ‘बाबाचा हिसाब रायला होता म्हने तुमच्याकडं. किती होता जी?’

ते खाते वहीत फार पूर्वी बुडीत म्हणून बंद झाले होते. व्यापाऱ्याच्या वहीत बुडीत खाते असते आणि सरकारच्या नकाशात बुडीत क्षेत्र. त्या मनुष्याचे घर, शेत आणि बापाचे नाव दोन्हीकडे एकाच शब्दाखाली लिहिले गेले होते. रक्कम गृहस्थांना खरोखर आठवत नव्हती. त्यांनी सांगितले, ‘हिशेब पुरा झाला आहे, भाऊ. तुमच्या बाबांकडे काही नाही.’ त्याने चहा पुढे केला, तेव्हा घरचे पाणी सोबत आहे असे म्हणून त्यांनी दुकानातून गूळ विकत घेतला, रोखीने.

आंभोरा राहून गेले. जलाशयाच्या वरच्या अंगाला, पाच नद्यांच्या संगमावर असलेल्या या ठिकाणी मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधू’ लिहिला असे मानतात, आणि आता तेथे केबलांनी तोललेला नवा पूल झाला आहे. परंतु दुपारचे दोन वाजत होते आणि दिवस पौषातला. परतीला त्यांनी भिवापूर आणि उमरेड अशा दोन ठिकाणी उतरून पाय मोकळे केले. तळहातांना मुंग्या येत होत्या. डावा पाय मात्र दिवसभरात एकदाही चुकीच्या कामाला गेला नव्हता.

पाच वाजता ते घरी पोहोचले. पत्नीने आधी हेल्मेट हातात घेऊन पाहिले. काचेवर दोन चिलटे चिकटली होती. संध्याकाळी प्रतिक्रमणात इरियावहियाचा पाठ आला तेव्हा त्यांचा आवाज थोडा मंदावला, हे त्यांच्या लक्षात आले, त्या काही बोलल्या नाहीत. जेवण त्याआधीच, उजेड असताना झाले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, ‘आंभोऱ्याला मागे बसवून नेता येईल का?’ गृहस्थांनी जरा विचार करून सांगितले की मागे माणूस असताना गाडी थांबायला वेगळी लागते, त्याचा सराव झालेला नाही. पुढच्या रविवारी ते धान्यबाजाराच्या आवारात गेले तेव्हा मागच्या सीटवर पन्नास किलो तांदळाचे पोते बांधलेले होते.