मिनिटांच्या जागी २५५

आज दिवसभर ठिबकच्या एका टायमरपाशी बसून होतो. व्हॉल्व्ह वीस मिनिटांनी बंद व्हायचा, तो सव्वाचार तास उघडा राहिला. आधी संशय व्हॉल्व्हवर, मग रिलेवर. शेवटी प्रोग्रामर जोडून ईईप्रॉम (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) वाचली, तर मिनिटांच्या जागी २५५. पुसलेला बाइट असाच दिसतो, आठही बिट १.

आत एटीमेगा ३२८पी ही चिप आहे. तिची ईईप्रॉम १०२४ बाइटांची. बाइट आधी पुसला जातो, मग त्यात नवा आकडा लिहिला जातो. दोन्ही मिळून सुमारे ३.४ मिलिसेकंद. त्या मधल्या क्षणी वीज गेली, की आकडा नाहीसा.

पण मला जास्त अस्वस्थ करते ती दुसरी शक्यता. व्होल्टेज एकदम न जाता हळूहळू उतरतं, तेव्हा प्रोसेसर थांबत नाही. झोपेत चालणाऱ्या माणसासारखा तो पुढे जात राहतो, सूचना चुकीच्या वाचतो आणि कुणी न सांगता मेमरीत लिहूनही बसतो. आमच्याकडे शेतातली वीज अशीच येते-जाते.

यावरचा उपाय चिपमध्येच आहे: ब्राउन-आउट डिटेक्टर. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की तो प्रोसेसरला रीसेटमध्ये धरून ठेवतो. इथे त्याचा फ्यूज (चिपमधली सेटिंग) बंदच होता. तो ४.३ व्होल्टवर लावला, सेटिंगच्या दोन प्रती चेकसमसह ठेवल्या.

शेतासाठी यंत्रं बनवणाऱ्यांना कळकळीची विनंती: हा डिटेक्टर चालू करूनच माल बाहेर पाठवा. त्याला वेगळा सुटा भाग लागत नाही.