शाबीत कुणी करायचं?

सत्येंद्र दुबे आयआयटी कानपूरचे सिव्हिल इंजिनिअर. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामावर ते झारखंडमध्ये कोडरम्याला होते. कामातला भ्रष्टाचार त्यांनी २००२ मध्ये थेट पंतप्रधानांना पत्रानं कळवला. स्वतःची माहिती वेगळ्या कागदावर लिहिली आणि नाव गुप्त ठेवा म्हणून विनवलं. पत्र या खात्यातून त्या खात्यात फिरलं, सोबत नावही फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा खून झाला. सीबीआयच्या मते तो लुटीतून झाला. २०१० मध्ये तिघांना जन्मठेपही झाली. पण नाव फुटलं होतं, ते फुटलंच.

मला तो वेगळा कागद आठवत राहतो. मजकूर एकीकडे, ओळख दुसरीकडे. डेटाबेस बनवताना आम्ही हेच करतो.

फक्त तेवढं पुरत नाही. आमच्या टीममधल्या एका मैत्रिणीला दिसलं, की काही टेस्ट न चालवताच क्लायंटला 'पास' असा रिपोर्ट जातोय. आम्ही दोघांनी तक्रारीचं पोर्टल उघडलं. 'निनावी तक्रार' असं बटण होतं, पण तिथं पोचायला कंपनीचंच लॉगिन. "ते सोड," ती म्हणाली, "हे रिपोर्ट बघणारे आम्ही तिघंच आहोत रे."

तक्रारीचा मजकूर हीच तिची सही होती.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ नुसार लिस्टेड कंपन्यांना अशी यंत्रणा ठेवावीच लागते. गरज पडली तर ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाता येतं. ती नावानिशी गेली. टेस्ट पुन्हा चालवल्या गेल्या. पुढच्या अप्रेझलमध्ये तिचं रेटिंग घसरलं. शेरा होता, 'टीमशी जुळवून घेत नाही'. हा सूड होता की खरंच मूल्यमापन? शाबीत तिनंच करायचं, आणि कागद सगळे त्यांच्याकडे.

२०१४ चा व्हिसल ब्लोअर्स संरक्षण कायदा सरकारी कारभारापुरता आहे. पण त्यात एक फार मोलाची तरतूद आहे: तक्रारदारावर झालेली कारवाई सुडाची नाही, हे शाबीत करायची जबाबदारी कारवाई करणाऱ्या खात्यावर. राष्ट्रपतींची सही झाली; कायदा लागू करणारी अधिसूचना मात्र निघालेली नाही.

नाव लपवण्याची सोय आपण कितीही चांगली बांधू. तीन जणांच्या टीममध्ये नाव लपत नाही. तिथं उपयोगी पडेल ती ही एक ओळ, आणि ती खासगी नोकरीलाही हवी.