गाठीची ओळख

सावरगावचे नाव निघाले की परगावच्या माणसास पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची, जाम नदीच्या पात्रातली गोटमार आठवते. दगडाने फुटलेले डोके सर्वांना दिसते; त्यावर उपचारही तत्काळ होतात. अंगात निमूटपणे वाढणाऱ्या गाठीकडे मात्र महिनोन्‌महिने काणाडोळा होतो.

मानेवर गाठ आली की आमच्याकडे 'गंडमाळ' हा एकच शब्द उच्चारला जातो. क्षयाची गाठ आपल्या देशात पुष्कळ आढळते, हे खरेच. परंतु लसीका ग्रंथींचा कर्करोग, म्हणजे लिम्फोमा, हाही बहुधा न दुखणाऱ्या गाठीनेच प्रकट होतो. ताप, रात्रीचा घाम व वजनातील घट ही लक्षणे दोहोंत समान. आमच्या एका आप्तांना सुईने काढलेल्या थेंबभर नमुन्यावरून क्षयाचे औषध सुरू झाले. चार महिने लोटले, गाठ ओसरेना. 'चाकू लावला की रोग पसरतो' या समजुतीपायी शस्त्रक्रियाही लांबली. अखेर नागपुरास सबंध गाठ काढली. तरीही सूक्ष्मदर्शकाखाली निर्णय होईना. तेव्हा रेणवीय चाचण्यांचा आधार घ्यावा लागला.

या चाचण्या काय पाहतात? प्रत्येक बी-पेशी आपल्या प्रतिपिंडाच्या जनुकांची जुळणी स्वतंत्रपणे करते. संसर्गाने सुजलेल्या गाठीत नाना कुळींच्या पेशींची जत्रा असते. लिम्फोमात बहुधा एकाच पेशीची संतती माजलेली असते. कॅरी मुलिस यांनी १९८३ साली कल्पिलेल्या पीसीआर पद्धतीने हा भेद उघड होतो. 'फिश' चाचणीत गुणसूत्रांवर चमकते रंग लावून त्यांची अदलाबदल पाहतात. ८ व १४ यांची झाली असल्यास झपाट्याने वाढणाऱ्या बर्किट लिम्फोमाचा, १४ व १८ यांची झाली असल्यास बहुधा संथ चालणाऱ्या फॉलिक्युलर लिम्फोमाचा संशय बळावतो. आमच्या आप्तांच्या गाठीत ही दुसरी खूण सापडली आणि उपचारांस योग्य दिशा मिळाली.

तथापि या चाचण्या सर्वज्ञ नव्हेत. साध्या गाठीतही क्वचित एकाच कुळीचा भास होतो. म्हणून सर्व अहवाल एकत्र पाहूनच निदान ठरते. क्षयाची गाठही औषध चालू असता कधी कधी तात्पुरती वाढते. तेव्हा मनाने औषध सोडू नये, सबंध गाठ तपासावी काय, हे डॉक्टरांस विचारावे.

आणखी एक सांगावेसे वाटते. दूरच्या प्रयोगशाळेत रुग्ण गेला नाही. मेणाच्या ठोकळ्यात जपलेला गाठीचा तुकडा तेवढा गेला. तो ठोकळा व काचपट्ट्या शेताच्या कागदपत्रांइतक्याच जपून ठेवाव्यात.